दार ठोठावावे कोणाचे?

पहिल्या पानावर अग्रलेख लिहिण्याची वेळ वर्तमानपत्रावर सहसा येते ती मंत्रिमंडळ कोसळले, महापूर आला किंवा एखादा थोर पुरुष निवर्तला म्हणजे. आज यांपैकी काहीही घडलेले नाही. आज आम्हांस लिहावयाचे आहे ते जी गोष्ट रोज घडते, आणि रोज घडते म्हणूनच जिची बातमी होत नाही, तिच्याविषयी. अडलेल्या माणसाला मदत करण्याची व्यवस्था आपल्या राज्यात आहे. कायद्यात आहे, अंदाजपत्रकात आहे, सरकारी निर्णयांच्या जाड फायलींत आहे. परंतु अडलेला माणूस आणि ती व्यवस्था यांची गाठ घालून देणारे कोणीही नाही. ही गाठ न पडल्यामुळे जे हाल होतात ते उपासमारीसारखे डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांची कोठे नोंदही होत नाही.

उदाहरणादाखल आम्ही वर्धा जिल्ह्यातील आष्टी घेतो. जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, वर्धा नदीच्या अलीकडे वसलेले हे तालुक्याचे गाव. नागपूर-अमरावती महामार्गावर तळेगाव (श्यामजीपंत) येथे उतरले म्हणजे ते फार दूर नाही. भोवती कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्र्याच्या बागा. पलीकडे सिंभोऱ्याच्या धरणाचे अफाट पाणी. गावाला आता नगरपंचायत आहे, तहसील कचेरी आहे, पोलीस ठाणे आहे. अशा गावातील कर्ती मुले गेल्या दोन पिढ्यांत शिकली आणि शिकल्याबरोबर नागपूर, पुणे, हैदराबाद अशी पांगली. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे मूळ गाव आष्टी नसेल, पण आष्टीसारखे असेल. मागे राहिली ती सत्तरी ओलांडलेली माणसे, त्यांची घरे, आणि दिवाळीला चार दिवस उघडणाऱ्या वरच्या मजल्याच्या खोल्या.

समजा, अशा एखाद्या घरातील बाई विधवा आहे. वय अडुसष्ट. शेत नवऱ्याच्या नावावर होते, त्याचा फेरफार झालेला नाही. गुडघे धरलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. मुलगा पुण्याला ठेकेदाराकडे कामाला, कधी पैसे पाठवितो, कधी नाही. या बाईसाठी राज्याने काय काय करून ठेवले आहे हे आम्ही जरा निगुतीने पाहिले, आणि खरे सांगावयाचे तर थक्क झालो. पासष्ट वर्षांवरील निराधारांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. तिचे मासिक अर्थसाहाय्य २०२३ मध्ये एक हजारावरून दीड हजार रुपये झाले. मुलगा सांभाळीत नसेल तर २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियमाखाली तिला निर्वाहाची मागणी करता येते. त्यासाठी दिवाणी न्यायालयाचे उंबरे झिजवावे लागत नाहीत. उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे साधा अर्ज पुरतो, वकील द्यावा लागत नाही, आणि नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल लागावा असे कायदाच म्हणतो. तिला स्वतःला जाणे शक्य नसेल तर तिने अधिकार दिलेला दुसरा माणूस किंवा संस्थाही तिच्या वतीने अर्ज करू शकते. फेरफाराचा वाद उपटला तर विधि सेवा प्राधिकरणाच्या कायद्याप्रमाणे स्त्री असल्यामुळेच, उत्पन्न कितीही असो, तिला विनामूल्य वकील मिळावयास हवा. तालुक्याच्या न्यायालयाशी त्यासाठी समिती जोडलेली असते. डोळ्याची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात फुकट होते. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय याच जिल्ह्यात आहे.

म्हणजे एका बाईसाठी चार दारे उघडी आहेत. पण ती कोठकोठे आहेत पाहा. निवृत्तिवेतनाचा अर्ज आष्टीच्या तहसिलीत. निर्वाहाचा अर्ज आर्वीला, कारण उपविभागीय अधिकारी तेथे बसतो. मोठे रुग्णालय वर्ध्याजवळ. आणि या तीन ठिकाणांपैकी कोणत्याही एका ठिकाणी बसलेल्या माणसाला उरलेल्या दोन ठिकाणी काय मिळते हे सांगण्याचे काम नेमून दिलेले नाही. तहसिलीतील कारकुनाला तिचा डोळा दिसत नाही, डॉक्टरांना तिचा सातबारा दिसत नाही. प्रत्येक खाते आपापल्या खिडकीपुरते प्रामाणिक असेलही. परंतु बाई एका खिडकीपुरती नसते, ती सबंध असते.

मग ती काय करते? बहुधा काहीच करीत नाही. किंवा तहसील कचेरीच्या आवारात, लिंबाच्या सावलीत टेबल टाकून बसलेल्या अर्जनविसाकडे जाते. या अर्जनविसाची चेष्टा करणे शहरी माणसाला सोपे आहे. आमच्या मते तो आपल्या समाजव्यवस्थेतील अत्यंत मोलाचा आणि अत्यंत दुर्लक्षित माणूस आहे. कोणत्या योजनेला कोणता दाखला, कोणता साहेब कोणत्या वारी भेटतो, अर्ज परत का येतो, हे सारे त्याच्या डोक्यात असते. जे काम शासनाने करावयाचे ते तो करतो, आणि त्याचे पैसे ज्याच्यापाशी सर्वांत कमी आहेत त्याच्याकडून घेतो. त्याच्यातला एखादा दहा रुपये घेऊन मनापासून फॉर्म भरून देतो. एखादा पहिल्या तीन महिन्यांच्या निवृत्तिवेतनावर डोळा ठेवतो. दोघांत फरक करण्याचे साधन त्या बाईजवळ नाही. जेथे माहिती मोकळी वाहत नाही तेथे ती विकली जाते, आणि तिचा भाव अडलेल्याच्या नडीप्रमाणे ठरतो.

शासनाने या दुखण्यावर काढलेला तोडगा म्हणजे दूरध्वनीचे क्रमांक. वृद्धांसाठी १४५६७, मुलांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१, मनःस्वास्थ्यासाठी १४४१६, विधि साहाय्यासाठी १५१००, आरोग्याच्या सल्ल्यासाठी १०४, रुग्णवाहिकेसाठी १०८, ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० आणि सर्व आणीबाणीसाठी ११२. या सेवा निरुपयोगी आहेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. १०८ च्या रुग्णवाहिकेने २०१४ पासून या राज्यात असंख्य जीव वाचविले आहेत. पण ही यादी एकदा मोठ्याने वाचून पाहावी. आपत्तीत सापडलेला माणूस आपली आपत्ती कोणत्या खात्याची आहे याचा विचार करीत नाही. सुनेने घराबाहेर काढलेल्या म्हाताऱ्या बाईने १८१ फिरवावा की १४५६७? ती स्त्री आहे, वृद्धही आहे, आणि कदाचित जीव द्यावयास निघालेलीही आहे. शिवाय हे क्रमांक शहरातल्या फलकांवर झळकतात; आणि ज्येष्ठांची हाक घेणारी सेवा रात्री आठनंतर थांबते, जेव्हा एकटेपणा सर्वांत जड होतो.

येथे आष्टीच्या पोलीस ठाण्याविषयी बोलणे प्राप्त आहे. २००७ च्या कायद्याखाली महाराष्ट्राने २०१० मध्ये नियम केले. त्यांप्रमाणे प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतील ज्येष्ठ नागरिकांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी ठेवावयाची आहे, आणि पोलिसांच्या प्रतिनिधीने समाजसेवकासह ठराविक काळाने त्यांच्या घरी जाऊन विचारपूस करावयाची आहे. किती सुंदर नियम आहे हा! राज्यातील किती ठाण्यांत ती यादी आज अद्ययावत आहे हे प्रत्येक वाचकाने आपापल्या हद्दीतील ठाण्यात जाऊन विचारावे. विचारण्याचा त्याला हक्क आहे, आणि विचारल्याने यादी होण्याचा संभवही आहे.

आष्टीचे पोलीस ठाणे म्हटले की विदर्भातील माणसाला दुसरेच काही आठवते. १६ ऑगस्ट १९४२ या दिवशी आष्टीचे आणि भोवतालच्या खेड्यांतील लोक तिरंगा घेऊन त्याच ठाण्यावर गेले. गोळीबार झाला, गावकरी हुतात्मे झाले, संतापलेल्या जमावाच्या हातून पोलिसांचेही प्राण गेले, आणि नंतर गावाने जे सोसले त्यामुळे आष्टी हे नाव ‘आष्टी शहीद’ असे घेतले जाऊ लागले. महिनाभर आधीच, १४ जुलै १९४२ रोजी, काँग्रेसच्या कार्यकारिणीने वर्ध्यास बसून ‘छोडो भारत’चा ठराव केला होता. त्या दिवशी आसपासची खेडी एकत्र कशी आली? कोणी परिपत्रक काढले नव्हते. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी या भागात माणसे जमविण्याची, एकमेकांच्या घरचे जाणण्याची सवय लावून ठेवली होती. म्हणूनच तर सरकारने त्या वर्षी महाराजांनाच तुरुंगात टाकले. मोझरीचा गुरुकुंज आष्टीहून नदीपलीकडेच आहे. प्रार्थनेसाठी गाव रोज एकत्र बसले म्हणजे आज कोण आले नाही हे आपोआप कळते, आणि का आले नाही हे पाहावयास कोणीतरी जाते. ही त्या सामुदायिक प्रार्थनेची एक बाजू भाविकांच्याही सहसा लक्षात येत नाही.

परंतु जुन्या गावाची आरती ओवाळून आजचा प्रश्न सुटत नाही. जुने गाव सर्वांची चौकशी करीत होते हे अर्धसत्य आहे. गावकुसाबाहेरच्या घराची चौकशी ते करीत नव्हते; टाकलेल्या बाईची करीत होते ती तिला नावे ठेवण्यापुरती. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ मध्ये मनोहर दिवाणांना कुष्ठधाम उभारावे लागले ते गाव आणि घर या दोघांनीही रुग्णांकडे पाठ फिरविली होती म्हणून. तेव्हा ज्या साहाय्यासाठी कायदा झाला आहे ते साहाय्य शेजाऱ्याच्या दयेवर सोपविणे आम्हांस मान्य नाही. शेजाऱ्याने दार दाखवावे. दार उघडणे हे मात्र राज्याचेच काम.

आणि राज्याला घर सापडत नाही असे मुळीच नाही. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजना निघाली तेव्हा अंगणवाडी सेविकांनी गल्लोगल्ली बसून अर्ज भरून घेतले. प्रत्येक अर्जामागे त्यांना मोबदला देण्याचे ठरले. ज्या बायकांनी तहसिलीचे तोंडही पाहिले नव्हते त्यांच्या खात्यात चार-सहा आठवड्यांत पैसे जमा झाले. निवडणूक तोंडावर होती हे उघड आहे, आणि त्याविषयी आम्ही त्या वेळी लिहावयाचे ते लिहिले. पण एक गोष्ट तिने निर्विवाद सिद्ध केली: मनात आणले तर सरकार घरोघर पोचते. त्या योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये होती आणि वयाची पासष्ट वर्षे. त्याच वर्षी, त्याच राज्यात, पासष्टीपुढच्या निराधार म्हातारीसाठी असलेल्या श्रावणबाळ योजनेची मर्यादा होती वार्षिक एकवीस हजार. म्हणजे महिन्याला साडेसतराशे. चौसष्टाव्या वर्षी जी बाई दरमहा वीस हजारांचे उत्पन्न असलेल्या घरात राहूनही गरजू, तीच सहासष्टाव्या वर्षी दोन हजारांच्या घरात राहू लागली तरी सधन! दाखला लिहिणाऱ्या तलाठ्यालाही ठाऊक असते की एकवीस हजारांत कोणतेही कुटुंब वर्ष काढीत नाही. तरी तो दाखला लिहितो, कारण न लिहिला तर म्हातारी मरते. ज्या व्यवस्थेत साहाय्याची पहिली पायरी सर्वांनी मिळून केलेले खोटे विधान आहे, त्या व्यवस्थेकडे स्वाभिमानी माणूस जात नाही आणि गेला तर मान खाली घालून जातो. दलालाचे राज्य येथूनच सुरू होते.

वर्धा जिल्ह्याला हा अनुभव नवा नाही. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पावणेचार हजार कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले त्यांत वर्धा होता. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबास एक लाख रुपये देण्याची तरतूदही त्याच सुमाराची. त्यातही घर ‘पात्र’ ठरावे लागते: जमीन नावावर हवी, कर्ज मान्य संस्थेचे हवे, वसुलीचा तगादा हवा. ठेक्याने शेत करणारा, किंवा सासऱ्याच्या नावावरील शेतात राबणारी बाई, या चाळणीतून गळून पडते. पुढे २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प आला आणि घरोघर फिरून खचलेला माणूस ओळखण्याचे काम आशा सेविकांवर सोपविण्यात आले. कल्पना उत्तम. पण आशाताईंच्या झोळीत आधीच लसीकरण आहे, बाळंतपणे आहेत, क्षयाच्या गोळ्या आहेत, सर्वेक्षणे आहेत. गावातील ज्या एका बाईला प्रत्येक घराचे आतले ठाऊक आहे तिच्यावरच प्रत्येक खाते आपला बोजा टाकते, आणि तिला कामगार म्हणावयाची वेळ आली की तीच खाती तिला ‘स्वयंसेविका’ म्हणतात.

आमच्या नागपूरकर वाचकांनी मात्र हे सारे खेड्याचे रडगाणे आहे असे समजू नये. धरमपेठ, शंकरनगर, बजाजनगर, लक्ष्मीनगर यांच्या सावलीच्या रस्त्यांवरून संध्याकाळी एकदा फिरून यावे. कडूलिंब आणि गुलमोहर जोमात आहेत. फाटके रंगविलेली आहेत. पण किती बंगल्यांत एकाच खोलीत दिवा असतो? ज्या पिढीने ती घरे बांधली ती तेथेच म्हातारी झाली आणि मुले समुद्रापार गेली. या घरांत पैशाची अडचण नाही. अडचण आहे ती रात्री अडीच वाजता पाय घसरून पडल्यावर हाक कोणाला मारावी ही. आष्टीच्या बाईपेक्षा या निवृत्त प्राध्यापकाची स्थिती एका बाबतीत तर वाईट आहे: तिच्या शेजारणीला तिची खोकल्याची उबळ भिंतीतून ऐकू येते, याच्या कुंपणाची भिंत उंच आहे. आणि स्वतःला सुशिक्षित म्हणवीत असल्यामुळे, आपणांस काही ठाऊक नाही हे कबूल करावयासही तो लाजतो. आपल्या प्रभागात दिवसभर सांभाळ करणारे केंद्र आहे काय, घरी येऊन जखम बांधणारी परिचारिका कोठून मिळते, स्मृतिभ्रंश झालेल्या पत्नीला चार तास कोण पाहील, हे त्याला कळते ते कोणाच्या तरी मेहुण्याकडून. सधन वस्तीतही माहितीची व्यवस्था मेहुण्यांवर चालते! ज्येष्ठ नागरिक संघ ठिकठिकाणी आहेत आणि त्यांचे काम आदरणीय आहे. परंतु संघाच्या सभेस जो येतो तो हिंडताफिरता असतो. ज्याला उठवत नाही त्याचे नाव संघाच्या वहीत असते, पण त्या वहीतून कोणी त्याच्याकडे जात नाही.

आता उपायाकडे वळू. आमचे म्हणणे अगदी लहान आहे. नवी योजना नको, नवे महामंडळ नको, नवा क्रमांक तर मुळीच नको. प्रत्येक तालुक्याच्या गावी आणि शहराच्या प्रत्येक प्रभागात एक मेज, एक खुर्ची आणि त्या खुर्चीवर ठरलेल्या वेळी बसणारा एक पगारी माणूस हवा. त्याचे काम एवढेच की आलेल्या माणसाचे पूर्ण म्हणणे ऐकून घ्यावे, त्याला काय काय मिळू शकते ते सांगावे, अर्ज लिहून द्यावा, आणि महिन्याने त्या अर्जाचे काय झाले ते स्वतः विचारावे. शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे. माहितीपत्रके आजवर पुष्कळ छापली गेली. ती वर्षभरात शिळी होतात, अधिकारी बदलतो, पत्ता बदलतो, आणि मुळात म्हाताऱ्या माणसाला पत्रक नको असते, त्याला विचारणारे कोणी हवे असते.

ही कल्पना हवेतली नाही. दुसरे महायुद्ध सुरू झाले त्या आठवड्यात, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, इंग्लंडमध्ये नागरिकांना सल्ला देणारी दोनशे केंद्रे एकदम उघडली गेली. कोणाचे शिधापत्रक हरवलेले, कोणाचे घर बाँबने गेलेले, कोणाच्या मुलाचा रणांगणावरून पत्ता नाही. अशा माणसांना कोणत्या कचेरीत जावे हे सांगणारी माणसे तेथे बसली. युद्ध संपले, केंद्रे राहिली, आणि आजही आहेत. इतके दूर जावयाचे नसेल तर केरळात जावे. मलप्पुरम जिल्ह्यात २००१ पासून असाध्य आजाऱ्यांची घरी शुश्रूषा करण्यासाठी शेजाऱ्यांनाच शिकवून तयार करण्यात आले. शाळामास्तर, रिक्षावाले, गृहिणी यांनी आपल्या गल्लीतील अंथरुणाला खिळलेला माणूस शोधून काढावयाचा, आणि परिचारिका व डॉक्टर त्याच्या घरी आणावयाचे. २००८ मध्ये तेथील सरकारने तेच आपले धोरण म्हणून स्वीकारले आणि ग्रामपंचायतींना त्यात गोवले. तेथे रोगी मदतीच्या शोधात हिंडत नाही. मदत रोग्याच्या शोधात हिंडते.

आणि केरळही दूर वाटत असेल तर सेवाग्राम आहेच. १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, सुशीला नायर यांनी तेथे वैद्यकीय महाविद्यालय काढले. १९८० च्या सुमारास त्या महाविद्यालयातील डॉक्टरांनी आसपासच्या गावांत एक विलक्षण विमा सुरू केला: सुगीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे, ज्याची जमीन अधिक त्याने अधिक, ज्वारी द्यावयाची, आणि त्या ज्वारीवर वर्षभर गावात आरोग्यसेवक आणि वेळ पडल्यास कस्तुरबा रुग्णालयात उपचार मिळवावयाचे. येथे ज्वारीच्या किमतीला महत्त्व नाही. ज्याने पायली घातली त्याला आपल्या हक्काचे दार कोठे आहे हे पक्के ठाऊक झाले. दवाखान्यात तो याचक म्हणून गेला नाही.

आष्टीत हे मेज कोठे असावे? तहसिलीत नसावे असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण तेथे पाऊल टाकतानाच माणूस अर्धा होतो. सार्वजनिक वाचनालय ही आम्हांस योग्य जागा वाटते. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात गावोगावी मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे जाळे विणले गेले. त्यांतील पुष्कळ आज सकाळी दोन तास वर्तमानपत्रे वाचणाऱ्या पाच-सात वृद्धांवर जगत आहेत. त्या वृद्धांतच निवृत्त शिक्षक असतो, निवृत्त तलाठी असतो, बँकेतील माजी रोखपाल असतो. अर्जाची भाषा, कचेरीची पद्धत आणि गावातील घरे ही तिन्ही ठाऊक असलेली ही माणसे आपले ज्ञान शब्दकोड्यांवर खर्च करीत आहेत. पगारी सहायकाच्या जोडीला आठवड्यातून दोन सकाळी ती बसली तर लिंबाखालच्या टेबलाला पहिली प्रामाणिक स्पर्धा निर्माण होईल. आमच्या शहरात तर प्रभागाप्रभागांत वाचनालये आहेत आणि निवृत्तांची वाण तर मुळीच नाही.

पैसा कोठून आणावयाचा असे विचारले जाईल. एका माणसाचा पगार हा नगरपंचायतीला अवघड खरा, पण अशक्य नव्हे. स्थानिक संस्थांनी आपल्या उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी असा शासनाचाच आदेश आहे, आणि ती रक्कम वर्षअखेरीस घाईघाईने कशीबशी संपविण्याची किंवा तशीच पडू देण्याची प्रथा नवी नाही. आष्टीचे मेज तालुक्यातील दिव्यांगांचेही मेज होणार असेल तर त्याच्या खर्चाचा वाटा तेथून उचलण्यास नियमाची आडकाठी कोणी दाखवू नये. उरलेले जिल्हाधिकाऱ्यांनी पाहावे. वर्ध्यात संस्थांची संपन्नता एवढी आहे की सेवाग्राम, पवनार, दत्तपूर, सावंगी ही नावे घेतली की देशभरची माणसे माना डोलावतात. पण ही सारी संपन्नता जिल्ह्याच्या ठिकाणाभोवती दाटली आहे, आणि आष्टी, कारंजा ही तिची कड आहे. मध्याचा उजेड कडेपर्यंत नेणारी वात एवढीच काय ती लावावयाची राहिली आहे.

आणखी एक शंका आम्हांस अपेक्षित आहे: हे सर्व ‘आपले सरकार’च्या संकेतस्थळावर आहे, २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने प्रत्येक सेवेस मुदत ठरली आहे, मग मेज कशाला? तो कायदा चांगलाच आहे. पण तो लागू होतो अर्ज केल्यावर. ज्या बाईला अर्ज करावयाचा असतो हेच ठाऊक नाही तिची मुदत कोणत्या दिवसापासून मोजावयाची? आणि जिचे अंगठ्याचे ठसे आयुष्यभर निंदणी-खुरपणीने पुसले गेले आहेत तिला यंत्र ओळखीत नाही, तेव्हा संकेतस्थळ काय उत्तर देणार? तेथे माणूसच लागतो, आणि तो जबाबदार माणूस लागतो.

दरवर्षी १६ ऑगस्टला आष्टीत हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. मंत्री येतात, भाषणे होतात. येत्या १६ ऑगस्टला जे पाहुणे तेथे जातील त्यांनी स्मारकावर पुष्पचक्र वाहून झाले म्हणजे पोलीस ठाण्यात पाच मिनिटे जावे आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी पाहावयास मागावी. ती मिळाली तर तिच्यातील कोणतेही एक घर निवडावे, तेथे जाऊन बसावे, आणि गेल्या वर्षभरात येथे कोण येऊन गेले ते विचारावे. यादी मिळाली नाही तर ती कोणत्या तारखेपर्यंत तयार होईल हे लेखी घ्यावे. एकवीस हजारांच्या मर्यादेचा प्रश्न मुंबईचा आहे, तो विधानसभेत आर्वी मतदारसंघाच्या आमदारांनी विचारावयाचा आहे. आष्टी त्यांच्याच मतदारसंघात येते. मेजाचा प्रश्न मात्र नगरपंचायतीच्या पुढच्याच सभेत सुटू शकतो.